रोग जपणारं वावर

कृषी संशोधन केंद्रात पाहुणा आला की त्याला आधी पुढचं हिरवंगार दाखवतात. पाट्या लावलेली प्रात्यक्षिकं, शेंगांनी वाकलेल्या फांद्या, फांदी हातात धरून फोटो. मला मात्र कुठल्याही केंद्रात गेलं की मागच्या अंगाचं ते एक वावर बघायचं असतं, जिथं निम्मी तूर उभ्या उभ्या वाळलेली असते आणि त्याचं कुणालाच सुतक नसतं. उलट ती नीट वाळली नाही, तर रोगशास्त्राच्या साहेबांच्या कपाळावर आठ्या चढतात. कागदोपत्री त्याचं नाव काही का असेना, सगळे त्याला सिक प्लॉट म्हणतात. मजूर बायकांच्या तोंडी तो ‘सिक पलाट’.

मी शेतकीचं शिकलो, वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. केली आणि आमच्या बॅचमधल्या बऱ्याच पोरांसारखा बँकेत चिकटलो. पुढचं आयुष्य पीककर्जाच्या फायलींत गेलं. पण शिकताना तुरीच्या रोगांवर जे थोडंफार काम हातून झालं, त्याची ओढ काही सुटली नाही. नवीन वाणाची जाहिरात दिसली की लोक एकरी किती क्विंटल ते बघतात. मी ‘मर व वांझ रोगास प्रतिकारक’ ही बारीक अक्षरातली ओळ शोधतो. ती एक ओळ लिहिता यावी म्हणून किती झाडं मुद्दाम मारलेली असतात, हे मी जवळून पाहिलंय.

सिक प्लॉट तयार करायचा म्हणजे जमीन नासवायची, पण शिस्तीत. मर लागलेली झाडं उपटून आणायची, त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि त्या जमिनीत मिसळायचे. मग रोगाला हमखास बळी पडणारं वाण तिथं पेरायचं. ते मेलं की तेही तिथंच गाडायचं. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. गावोगावच्या मेळाव्यांत ‘पिकांची फेरपालट करा’ म्हणून घसा कोरडा करणारी माणसं इथं तुरीवर तूर घेतात, तीही आजारी. दोन-तीन हंगाम असं केलं की बुरशी मातीत सगळीकडे सारखी मुरते. ‘सगळीकडे सारखी’ हे महत्त्वाचं. एखाद्या कोपऱ्यात रोग कमी राहिला, तर त्या कोपऱ्यातलं बियाणं उगीचच शूर ठरायचं.

म्हणून परीक्षेला बसवलेल्या वाणांच्या मधे, दर काही ओळींनंतर, त्या बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावतात. आयसीपी २३७६ हे त्यातलं एक ठरलेलं नाव. ही ओळ मेली, तरच तिच्या शेजारी जगलेली ओळ खरोखर जगली असं धरायचं. ती वाचली, तर शेजारच्यांचा निकाल रद्द. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला त्या ओळीची कीव आली होती. दरवर्षी पेरायची, ती दरवर्षी मेलीच पाहिजे, आणि तिच्या मरण्यावर बाकीच्यांची किंमत ठरणार. नंतर सवय झाली. मग हंगामाच्या शेवटी वहीत तिच्यापुढे ‘१०० टक्के’ लिहिताना हायसं वाटायला लागलं.

मर रोगाची सगळ्यात वाईट खोड म्हणजे त्याची वेळ. रोप लहानपणीच गेलं तर माणूस मोडून दुसरं काही पेरील. पण मर जास्त करून डोळ्यात भरते ती फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना. खत, खुरपणी, फवारणी सगळा खर्च होऊन गेल्यावर. झाड काल टवटवीत होतं आणि आज एका बाजूच्या फांदीने मान टाकली, असं होतं. बुडापासून खोडावर एक जांभळट पट्टा वर चढत जातो. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्याच बुरशीने बंद केलेल्या असतात. जमिनीत ओल असते आणि झाड तहानेने मरतं. आमच्याकडे म्हणतात, तूर उधळली.

ही बुरशी फ्युजॅरियम उडम. बिहारमधल्या पुसा इथं काम करणाऱ्या ई. जे. बटलर यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्यावर काम केलं आणि १९१० साली तिला हे नाव दिलं. पुढे १९७५ ते १९८० या काळात इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी राज्याराज्यांत फिरून तुरीची शेतं तपासली, तेव्हा मरीच्या बाबतीत महाराष्ट्र सगळ्यांच्या पुढे निघाला. शंभरातली बावीसेक झाडं गेलेली. असा पहिला नंबर कुणाला हवाय!

जुन्या माणसांनी यावर आपल्या परीने तोडगा काढलेला होता. ज्वारीत तूर. ज्वारीच्या पाभरीत मधे तुरीचं एखादं ताट घेण्याची पद्धत नुसती जागा वाचवायची नव्हती. ज्वारीसोबतच्या तुरीत मर बरीच कमी राहते, हे पुढे प्रयोगांतही दिसलं. मग सोयाबीन आलं. ज्वारीला ना भाव, ना राखण करायला माणूस, पाखरं वेगळीच. पाहता पाहता खरिपाची ज्वारी आमच्या भागातून गेली आणि तूर सोयाबीनच्या शेजारी येऊन बसली. जे काम पूर्वी शेजारचं पीक थोडंफार करायचं, ते सगळं आता बियाण्यावर येऊन पडलंय.

वांझ रोगाची गोष्ट याहून विचित्र आहे.

मर लागलेलं झाड मरतं, वांझ लागलेलं मरत नाही. पानं बारकी होतात, त्यांच्यावर फिकट-गडद हिरव्याची नक्षी उमटते, झाड बुटकं आणि झुडपासारखं गच्च होतं. फूल नाही, शेंग नाही. ऐन काढणीला सगळं शेत वाळून खडखडतंय आणि मधे मधे ही झाडं हिरवीगार उभी. नवख्याला वाटावं, काय तब्येत आहे! रोग पहिल्या दीड महिन्यात लागला तर त्या झाडापासून जवळपास काहीच हाती येत नाही. उशिरा लागला तर काही फांद्या फुलतात, काही नाही.

याच्यासाठी जमीन नासवून उपयोग नाही, कारण हा मातीतून येतच नाही. तो आणतो एक कोळी, म्हणजे माइट, डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या पाव भागाएवढाही नसेल. पानाच्या खालच्या अंगाला राहतो, वाऱ्यावर बसून दुसऱ्या शेतात जातो. त्याला पकडून रोपावर सोडणं माणसाच्या बोटांचं काम नाही. मग परीक्षा घ्यायची कशी? पूर्वी रोग आपणहून यायची वाट बघत. आपणहून येणारा रोग कधी शेताच्या एका कडेला येतो, कधी त्या वर्षी येतच नाही. न आलेल्या रोगाला सगळीच झाडं प्रतिकारक असतात.

यावरची युक्ती म्हणजे स्टेपलर. तोच, ऑफिसातला, कागद टाचायचा. रोप बारा-पंधरा दिवसांचं झालं की त्याला पहिली दोन साधी पानं आलेली असतात. पुढची सगळी पानं तीन पर्णिकांची येतात, ही दोन तेवढी वेगळी. रोगट झाडाची पर्णिका आणायची, तिचं खालचं अंग या कोवळ्या पानाला दोन्हीकडून लागेल अशी घडी घालायची आणि वरून पिन मारायची. टाचलेलं पान एक-दोन दिवसांत सुकायला लागतं, त्यावरचे कोळी घर सोडतात आणि समोरच्या ताज्या पानावर येतात. एवढंच. इक्रिसॅटमधल्या यशवंत लक्ष्मण नेने आणि एम. व्ही. रेड्डी यांनी ही पद्धत १९७६ साली मांडली. नेने हे नाव भातवाल्यांनाही ठाऊक असतं. तराईतल्या भातावरचा ‘खैरा’ जस्ताच्या कमतरतेने होतो, हे पंतनगरला असताना त्यांनीच दाखवलं होतं. मोठी यंत्रं, मोठा निधी यांच्या बातम्या वाचताना मला हटकून हा स्टेपलर आठवतो.

आम्ही विद्यार्थी आणि मजूर बायका मिळून ओळीच्या ओळी टाचायचो. पाठीचे टाके ढिले व्हायचे. जोराने दाबलं तर कोवळं पान फाटतं, हलकं दाबलं तर पिन धरत नाही. बायकांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी साफ होता. त्यांतल्या एका मावशींनी एकदा काम थांबवून विचारलं, “चांगल्या लेकराला मुद्दाम गोवर लावू लालो आपुन, व्हय सायेब?”

मी म्हटलं, “मावशी, ज्याला लागणार नाही ते बियाणं शोधायचंय.”

“आन् ज्येला लागंल त्येचं?”

“ते उपटायचं.”

मावशी “हं” म्हणाल्या आणि पुढच्या रोपाला पिन मारली. मला वाटतं, वाण निर्मितीवरचं इतकं थोडक्यात व्याख्यान मी दुसरं दिलेलं नाही.

स्टेपलरच्या जोडीला रोगट झाडांचं एक कुंपणही राखतात. ज्या बाजूने वारा येतो त्या कडेला, काही महिने आधी पेरलेल्या आणि रोग लावून तयार ठेवलेल्या तुरीच्या ओळी. वारा आपलं काम करतो. शेतकऱ्याच्या शेतात हेच कुंपण नकळत उभं असतं: विहिरीच्या कडेची, बांधावरची, परसातली दोन-दोन वर्षं ठेवलेली तूर. हिवाळ्यात सोल्यांच्या आमटीला ओल्या शेंगा मिळाव्यात म्हणून कुणी ती काढत नाही. कोळ्याला जगायला तूर आणि तिचे काही रानटी भाऊबंद सोडून फारसं काही चालत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तग धरायला त्याला ही झाडं लागतात. सोल्यांची आमटी मलाही आवडते, त्यामुळे या विषयावर मी जास्त बोलत नाही.

आता खरी गंमत. वांझ रोगाची पहिली नोंद पुसा इथलीच, १९३१ सालची. कोळी तो पसरवतो हे साठच्या दशकात कळलं. पण कोळी नक्की वाहतो काय, हे २००० सालापर्यंत कुणाच्या हाती लागलं नव्हतं. विषाणू असणार असा सगळ्यांचा अंदाज होता, पण तो इतका नाजूक की वेगळा काढायला गेलं की हातातून निसटायचा. शेवटी इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून तो पकडला. नंतर आणखी कळलं की तो एक नसून दोन आहेत. आणि मधल्या काळात काय झालं होतं? वांझ रोगाला प्रतिकारक वाणं निघाली होती, शेतकऱ्यांनी ती पेरली होती, वरणात शिजून खाल्ली गेली होती. ज्याचं नाव माहीत नाही, रूप माहीत नाही, अशा शत्रूविरुद्ध माणसं वर्षानुवर्षं बियाणं निवडत होती, फक्त कोण जगलं ते बघून. प्रयोगशाळेतल्या विज्ञानाबद्दल मला आदरच आहे. पण ‘आधी कारण कळलं पाहिजे, मग उपाय’ असं कुणी ठासून सांगायला लागलं की मी त्याला तुरीकडे बोट दाखवतो.

मात्र जगलेलं प्रत्येक वाण सगळ्याच संकटांतून वाचतं असं नाही, आणि याचं मारुतीपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मारुती म्हणजे आयसीपी ८८६३. महाराष्ट्रातल्या एका देशी तुरीतून निवडलेलं हे वाण कर्नाटकाने १९८६ साली प्रसारित केलं. मरीपुढे ते असं काही उभं राहिलं की गुलबर्गा भागात झपाट्याने पसरलं आणि हद्द ओलांडून आपल्याकडेही आलं. पण हेच मारुती वांझ रोगापुढे साफ लोटांगण घालतं. इतकं, की वांझ रोगाच्या चाचण्यांत बळी पडणारी ओळ म्हणून मुद्दाम मारुतीच पेरतात. एका वावरात पहिलवान, शेजारच्या वावरात हमखास बळी पडणारा. वाण तेच.

दोन्ही रोग सोसणारं बियाणं हवं, तर दोन वेगळ्या आईबापांचे गुण एकत्र आणावे लागतात, आणि तुरीत ते काम बोटांची परीक्षा बघतं. कळी पिवळी पडलेली पण उघडलेली नाही, अशी गाठायची. कारण तुरीचे परागकोष फूल उमलायच्या आधीच फुटतात आणि मग उशीर झालेला असतो. चिमट्याने पाकळ्या हळूच बाजूला करायच्या, आतले दहा पुंकेसर उचलून काढायचे, मधला स्त्रीकेसर दुखवायचा नाही. मग दुसऱ्या झाडाचे पराग त्यावर टेकवायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. फांदीवरच्या बाकी कळ्या खुडून टाकायच्या. इतकं करून बऱ्याच कळ्या दोन-तीन दिवसांत गळून खाली पडतात. खाली वाकून आपला दोरा ओळखायचा आणि पुढच्या फांदीकडे जायचं. यातून धरलेल्या शेंगेतले तीन-चार दाणे म्हणजे सुरुवात. तिथून पुढे पिढ्यांमागून पिढ्या, दोन्ही तऱ्हेच्या रोगांतून गाळत, पाच-सहा महिन्यांच्या पिकाला वर्षातून एकदाच संधी. दहा-बारा वर्षं सहज जातात. अधिकाऱ्याची बदली होते, विद्यार्थी बँकेत लागतो, प्लॉट चालूच असतो.

आशा हे वाण असंच आलं. आयसीपीएल ८७११९. त्याची एक बाजू महाराष्ट्रातल्या सी-११ या वाणाची. १९९३ साली ते प्रसारित झालं, मर आणि वांझ दोन्हींना प्रतिकारक. पुढे २०११ साली तुरीचा जनुकीय आराखडा वाचला गेला, तेव्हा वाचायला घेतलेली तूर हीच आशा. आपल्याकडे बदनापूरच्या केंद्राने या कामात केलेली मेहनत मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, मग लवकर येणारं बीडीएन ७११, लाल दाण्याचं बीडीएन ७१६, अलीकडची गोदावरी. ७११ मला विशेष वाटतं, कारण त्यात रोगाइतकाच पावसाचा विचार आहे. १८० दिवसांची तूर हलक्या रानात परतीचा पाऊस चुकला की शेंगा भरताना कोरडी पडते. दीडशे-एकशेपंचावन्न दिवसांत येणारी तूर दुष्काळाशी लढत बसत नाही, तो यायच्या आत घरी निघते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही केंद्राच्या हातात नाही, ती म्हणजे मधमाशी. तूर स्वतःच्या परागावर फळते, पण पूर्णपणे नाही. वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत परपरागीभवन सहज होतं, जागा आणि माश्या बघून जास्तही. केंद्रात फांद्यांवर जाळी बांधतात, अंतर राखतात. गावात कोण जाळी बांधतंय? शेजाऱ्याची जुनी तूर आणि तुमची नवी, एकच मधमाशी दोन्हीकडे. चार-पाच वर्षं घरचंच बियाणं धरलं की पोत्यावरचं नाव तेच राहतं आणि आतला दाणा बदललेला असतो. मग ‘हे वाण आता खराब झालं’ म्हणून ओरड. वाण खराब झालेलं नसतं, पातळ झालेलं असतं. आमच्या चुलत्यांना हे मी अनेकदा सांगून पाहिलं. अखेर त्यांनी मोठ्या तुकड्यात नवीन बियाणं टाकलं आणि कडेच्या एकरात हट्टाने घरचंच. वर मलाच ऐकवलं, “शेजारी जुनी उधळली तरच कळंल ना, नवी टिकली का औंदा रोगच नव्हता ते.” एम.एस्सी. न करता सिक प्लॉटचं मर्म सांगणारा हा माणूस, आणि मी त्यांना व्याख्यान देत होतो.

चुलत्यांचा दुसरा प्रश्न मात्र मला आजवर सोडवता आलेला नाही: “रोग नाही आला, धा क्विंटल झाली. पुढं?” २०१५ च्या दसरा-दिवाळीत तूरडाळ दोनशे रुपये किलोला गेली होती. पुढच्याच वर्षी पाऊस चांगला, पेरा जास्त, तूर उदंड. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, बाजारात त्याच्या बरंच खाली, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा. बारदाना संपला म्हणून खरेदी बंद, असं ऐकून माणसं तिथंच पोत्यांवर झोपत होती. त्या हंगामात कर्ज थकलेल्या शेतकऱ्यांशी मी बोलायचो तेव्हा त्यांच्या तुरीला ना मर होती, ना वांझ. एकीकडे हे, आणि दुसरीकडे मोझांबिक, म्यानमार, टांझानियाहून तूर येतच असते. बाहेरची तूर म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पूर्व आफ्रिकेतले शेतकरीही याच मरीशी झगडतात, आणि मलावीने १९८७ साली प्रसारित केलेलं आयसीपी ९१४५ हे मर-प्रतिकारक वाण मूळ केनियातलं. रोगाच्या बाबतीत आपण एकाच गावचे.

अलीकडे बातमी आली ती उन्हाळी तुरीची. इक्रिसॅटने २०२५ साली आयसीपीव्ही २५४४४ नावाचं वाण जाहीर केलं: ४५ अंश तापमान सोसणारं, सुमारे १२५ दिवसांत येणारं, दिवस लहान-मोठा झाला तरी त्याची पर्वा नसणारं. तूर ही मुळात दिवस आखूड व्हायला लागले की फुलणारी, म्हणून ती इतकी वर्षं खरिपाला बांधलेली होती. ती गाठ सुटली, आणि नियंत्रित उजेड-तापमानात वर्षाला अनेक पिढ्या घेण्याच्या तंत्राने हे काम वेगाने झालं, याचं मला कौतुक वाटतं. दहा-बारा वर्षांच्या वाटेवर आयुष्य घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना हे कळलं तर ती हरखून जातील.

पण डोक्यात रोगशास्त्र शिरलेल्या माणसाला आनंद पुरता घेता येत नाही. खरिपाची तूर काढली, की एप्रिल-मेमध्ये शेतात हिरवं पान उरत नाही आणि कोळ्याची उपासमार होते, हा आजवर आपल्या बाजूचा एक मोठा हिशेब होता. आता ओलिताखाली उन्हाळ्यातही तूर उभी राहिली, तर त्याला एका पिकावरून दुसऱ्या पिकावर उडी मारायला बारा महिने जागा मिळेल. कडक उन्हात त्याची संख्या घटते हे खरं, पण घटणं वेगळं आणि संपणं वेगळं. बातमीत हेक्टरी दोन टनांचा आकडा ठळक छापला होता. मला आधी वाचायचा आहे तो दुसरा आकडा: या तुरीच्या पहिल्या दोन पानांना रोगट पान टाचून पिन मारली, तेव्हा शंभरातली किती झाडं फुलली.